कंपनी येईना, आली तर अट घालते

पत्र थोडक्यात: नाशिकमधल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या वाचक ताईंनी लिहिलं आहे. गेली दोन वर्षं त्यांचा आठ-दहा जणांचा गट महिन्यातून एकदा जमतो. इंटरनेटचे नियम कोण ठरवतं, आपली माहिती कुठे जाते, मराठीला तिथे जागा किती, अशा विषयांवर बोलतो. आता त्यांना दिवसभराची जाहीर चर्चा घ्यायची आहे. सरकारी अधिकारी, वकील, प्राध्यापक यायला तयार आहेत, विद्यार्थी तर येणारच. पण ज्यांच्या हातात रोजचं इंटरनेट आहे त्या मोठ्या कंपन्या येईनात. पाच जणींना मेल केले. तिघींकडून काहीच उत्तर नाही, एकीकडून 'आपला मेल मिळाला' एवढं यंत्राचं उत्तर. पाचवीने होकार दिला, पण सोबत प्रस्ताव जोडला: एक लाख रुपयांचं प्रायोजकत्व, मंचामागे कंपनीचं नाव, उद्घाटनानंतर वीस मिनिटांचं सादरीकरण, आणि श्रोत्यांचे प्रश्न आधी दाखवायचे. गटाचा सगळा खर्च चाळीस हजारांच्या आत आहे. गटातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, पैसा कंपनीचा तर सभाही कंपनीची. तरुण मुलं म्हणतात, मोठं नाव नसेल तर येणार कोण? प्राचार्यांनीही 'मोठं नाव आणा, सभागृहाचं बघू' असं सुचवलं आहे. 'कंपन्यांशिवाय ही चर्चा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. त्यांना आणायचं कसं, आणि कुठपर्यंत झुकायचं?' असं त्या विचारतात.

ताई,

वरातीचं वाक्य वाचून आधी हसले, मग तिथेच थांबले. या लग्नात नवरदेव कंपनी आहे, हे कधी ठरलं? दोन वर्षं दर महिन्याला जमणारे तुम्ही आठ-दहा जण काय नुसते मांडव घालायला आहात? तुमच्या स्वतःच्या बैठकांबद्दल पत्रात दीड ओळ आहे आणि न आलेल्या कंपन्यांबद्दल दोन पानं. हे जरा खटकलं. रागावून नाही सांगत, याच वाटेने मीही गेलेली आहे.

ग्राहक चळवळीत होते तेव्हाची गोष्ट. मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते आणि बिलांच्या तक्रारींनी आमची फाइल फुगली होती. आम्ही एका मोठ्या मोबाइल कंपनीला बोलावलं, आणि ते हो म्हणाले! आम्हाला आकाश ठेंगणं झालं. कंपनीने पडदा आणला, प्रोजेक्टर आणला, प्रत्येकाला खोक्यातलं पेन दिलं. साहेब चाळीस मिनिटं बोलले. टॉवर किती, ग्राहक किती, पुढे काय काय येणार. मग सिन्नरहून आलेले एक काका उठले, हातात चार घड्या घातलेलं बिल. 'न मागता चालू झालेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कुणी कापले?' साहेब म्हणाले, 'काका, नंतर भेटा, बघून घेतो.' चहाच्या वेळी काका बिल घेऊन हॉलभर साहेबांना शोधत होते आणि साहेबांची गाडी द्वारका चौक ओलांडून गेली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात कंपनीचा फलक ठळक आणि आमचं नाव कोपऱ्यात. ते पेन अजून माझ्याकडे आहे. चालत नाही.

साहेबांना तेव्हा मी खूप नावं ठेवली. नंतर कळलं, ते विक्री विभागाचे होते. बिलातलं त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं, आणि कुणाचे चार रुपये परत करायचा अधिकारही नव्हता. आम्ही 'कंपनी'ला बोलावलं होतं. कुठल्या कामासाठी, कुठल्या विभागातल्या माणसाला, हे आम्हीच ठरवलं नव्हतं. तुमचे पाच मेल मी पाहिलेले नाहीत, पण पैज लावते की त्यात 'इंटरनेट गव्हर्नन्स या विषयावरील चर्चासत्रात आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' अशा छापाचं काहीतरी असणार. असा मेल कंपनीत ज्याच्यासमोर उघडतो त्याला एकच प्रश्न पडतो: हे कुणाकडे पाठवू? उत्तर सापडलं नाही की मेल तिथेच राहतो. यात तुमचा अपमान नाही आणि नाशिकचाही नाही.

आता मोठ्या कंपन्या या चर्चेत उतरतच नाहीत, असं तुम्ही धरून चालला आहात त्याबद्दल. उतरतात हो, चांगल्या कंबर कसून उतरतात. फक्त जिथे निर्णय होतो तिथे. २०१५ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डेटाला वेगवेगळे दर लावावेत का यावर चार प्रश्न विचारले. तेव्हा फेसबुकने 'फ्री बेसिक्स'साठी, म्हणजे निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेसाठी, पानभर जाहिराती दिल्या, वापरकर्त्यांना तयार मजकूर दिला, बटण दाबलं की मेल थेट ट्रायला. लाखांनी मेल गेले. गंमत अशी की त्या मजकुरात ट्रायच्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. ट्रायने तसं सुनावलं, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा नियम आला. तयार मजकूर आपल्या बाजूच्या लोकांनीही वापरला होता बरं का. त्याआधी, २०१५ च्या एप्रिलमध्ये, नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक मिळावी यासाठी, दहा लाखांवर मेल गेले ते तसेच. पण त्यात ट्रायने विचारलेल्या वीस प्रश्नांना एकेक करून उत्तर होतं. तुमच्या मुलांना 'मोठं नाव' हवंय ना, त्यांना हा किस्सा सांगा. त्या खेपेला सगळ्यात मोठं नाव समोरच्या बाजूला होतं.

उलट, जिथे नुसतं बोलणं होतं तिथे कंपन्यांना ओढून आणावं लागतं. संयुक्त राष्ट्रांचा इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, म्हणजे इंटरनेटच्या कारभारावर बोलायचं व्यासपीठ, घ्या. २००५ मध्ये ट्युनिसला ठरला, २००६ मध्ये अथेन्सला पहिल्यांदा भरला, २००८ मध्ये आपल्याकडे हैदराबादला आला, आणि २०२१ पासून त्याची भारतीय आवृत्तीही होते. सरकार, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी एका पातळीवर बसायचं हे त्याचं तत्त्व, पण तिथे ठराव होत नाहीत, कुणाला काही बंधनकारक नसतं. ते मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर बरीच सरकारं आलीच नसती. आता कंपनीच्या हिशेबनिसाच्या खुर्चीत बसून बघा. दोन माणसं, विमानाची तिकिटं, तीन रात्री हॉटेल, आणि हाती काय? जागतिक फोरमपुढेही हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. तुम्ही तो गंगापूर रोडवर बसून एकट्या सोडवायला निघालात, त्यात यश आलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

मग करायचं काय? आधी त्यांचं बोलणं ऐका. ते उपलब्ध आहे आणि फुकट आहे. ट्राय कोणत्याही विषयावर सल्लापत्र काढतं तेव्हा आलेली मतं आणि त्यावरची प्रतिमतं आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. जुलै २०२३ मध्ये व्हॉट्सॲपसारख्या सेवांना परवान्याखाली आणावं का, असं सल्लापत्र आलं होतं. मोबाइल कंपन्या म्हणतात, आम्हाला जे नियम तेच यांना लावा. ॲपवाल्या कंपन्या म्हणतात, आम्ही वेगळं काम करतो, आम्हाला आधीच कायदे आहेत. दोन्ही बाजूंचं एकेक लेखी मत छापून घ्या आणि मासिक बैठकीत मोठ्याने वाचा. अर्धी मुलं एका कंपनीचा पक्ष मांडतील, अर्धी दुसऱ्या. दोन तासांत तुम्हाला कळेल की 'मोठ्या कंपन्या' नावाचा एक गठ्ठा नाहीच. त्या आपसांत भांडतात, आणि त्या भांडणाच्या फटीतूनच आपल्याला आत बघायला मिळतं. कंपनी सभेला आली नाही तरी तिचं मत असं सभेत आणता येतं. काही जण रिकामी खुर्ची ठेवून त्यावर कंपनीच्या नावाची पाटी लावतात. तो प्रकार करू नका. टाळ्या मिळतात, पण पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

सगळीकडे असं उघडं नसतं, हेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा सरकारने आधीच जाहीर केलं होतं की आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत. त्यामुळे कंपन्यांनी तिथे काय मागितलं ते आपल्याला दिसत नाही. पण स्वतःची सूचना स्वतः जाहीर करायला कंपनीला कोण अडवतंय? 'मसुद्यावर तुम्ही दिलेल्या सूचनांची प्रत आम्हाला द्याल का?' एवढा एकच प्रश्न आमंत्रणात घातलात तरी तुमचं पत्र इतर शंभर पत्रांपेक्षा वेगळं दिसेल. ते पत्र बरोबर धोरण विभागाकडे जाईल, कारण दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही.

इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: 'मराठीला तिथे जागा किती.' अहो, तुमची सभा तीच आहे!

युरोपात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट नावाचा कायदा आहे. त्यात सगळ्यात मोठ्या समाजमाध्यमांना सांगावं लागतं की मजकूर तपासायला युरोपीय संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेसाठी किती माणसं ठेवली आहेत. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, आपल्या नाशिक शहराहून कितीतरी कमी. तरी माल्टीज भाषेचा आकडा द्यावा लागतो. आणि २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आपल्याला हा आकडा कुणी देत नाही, कारण मागणारा कायदा नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे पन्नास लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना दर महिन्याला तक्रारींचा अहवाल काढावा लागतो, पण तक्रारी किंवा माणसं भाषावार सांगा असं त्यात म्हटलेलं नाही.

नाशिककराला हे समजवायला वेगळं उदाहरण शोधायला नको. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. माल युरोपला जायचा असेल तर बागेची नोंदणी, ग्रेपनेट या द्राक्षनिर्यातीच्या नोंदप्रणालीवर माहिती, औषधाचे अंश किती ते प्रयोगशाळेत तपासून मगच कंटेनर भरायचा. तोच बागायतदार, तीच वेल, पण माल गावच्या बाजारात जायचा असला की यातलं फारसं कुणी विचारत नाही. करता येत नाही म्हणून नव्हे, मागणारं कुणी नाही म्हणून. कंपनीचंही नेमकं तसंच आहे. ज्या कंपनीला माल्टीजची माणसं मोजता येतात तिला मराठीची मोजता येणार नाहीत असं कसं होईल? हा प्रश्न सभेत एखाद्या बागायतदारालाच विचारू द्या. प्राध्यापकाने विचारला तर उत्तर इंग्रजीत मिळेल आणि हवेत विरेल.

दुसरा प्रश्न तर टेबलावर मांडून दाखवता येतो. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी .भारत हे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचं शेवटचं टोक, सुरू झालं. त्याच महिन्यात जीमेलने देवनागरीसारख्या लिपीतल्या पत्त्यांवर मेल पाठवायची आणि तिथून आलेले घ्यायची सोय केली. इतक्या वर्षांनी आज एखादा विद्यार्थी बसवा, लॅपटॉप पडद्याला जोडा, आणि देवनागरीतला ईमेल पत्ता वेगवेगळ्या अर्जांत टाकायला सांगा. बँक, रेल्वे, खरेदीची ॲप, विमा. 'सबमिट' दाबलं की खाली लाल अक्षरं येतात: योग्य पत्ता टाका. पत्ता योग्यच असतो, अर्जाला वाचता येत नाही. मुलांनी असे पंचवीस अर्ज आधी तपासून, पडद्याचे फोटो काढून ठेवले, तर तुमच्याकडे कंपनीला द्यायला एक वस्तू झाली. आणि एक सुचवू? पहिला अर्ज तुमच्याच महाविद्यालयाच्या प्रवेशाचा तपासा. प्राचार्यांना मोठं नाव हवं आहे, त्यांना आधी ही लाल अक्षरं दाखवा.

म्हणजे आमंत्रण कसं लिहायचं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. 'इंटरनेट गव्हर्नन्स' हा शब्द विषयाच्या ओळीतून काढून टाका. 'आमच्या विद्यार्थ्यांनी पंचवीस अर्ज तपासले, त्यातला चौथा तुमचा आहे. ज्यांच्या हातात हा अर्ज आहे त्या गटातलं कुणी येऊन, किंवा अर्धा तास व्हिडिओवर, तो का अडतो आणि कधी दुरुस्त होईल हे सांगेल का?' बस. सोबत दोन फोटो. इंजिनिअर मंडळींना असा प्रश्न बाजूला टाकता येत नाही, त्यांचा हात शिवशिवतो. मेल अनुत्तरित राहिला तर कागदावर लिहून स्पीड पोस्टने धाडा. मोठ्या समाजमाध्यमांना भारतातला पत्ता जाहीर करणं नियमाने बंधनकारक आहे. कागदाला आवक क्रमांक पडतो, आणि आवक क्रमांक पडलेली गोष्ट कुणीतरी निकाली काढावी लागते. हे मला ग्राहक चळवळीने शिकवलंय.

तुमचा एक माजी विद्यार्थी अशाच एका कंपनीच्या गुरुग्रामच्या धोरण विभागात आहे, पण 'ओळखीचा फायदा घेतल्यासारखं वाटतं' म्हणून तुम्ही त्याला फोन केला नाहीत, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. करा की. त्याला सभेला ये म्हणू नका, त्याला अवघड होईल. एवढंच विचारा की हा प्रश्न तुमच्याकडे कुणाच्या टेबलावर असतो. त्यात वशिला कसला? आपण पोस्टात जाऊन 'हा फॉर्म कुठल्या खिडकीवर' विचारतोच ना.

इंटरनेटचे तांत्रिक नियम जिथे बनतात त्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समध्ये एक छान पद्धत आहे. तिथे कंपन्यांना सदस्यत्वच नाही. माणूस कुठल्याही कंपनीत असो, तो तिथे स्वतःच्या नावाने बसतो. आणि मतदानाऐवजी कधीकधी गुणगुणायला सांगतात: या बाजूचे 'हंऽऽ' करा, आता त्या बाजूचे करा. ज्याचा गुंजारव मोठा तिकडे कल आहे असं धरतात, पण अल्पमताचा आक्षेप ऐकल्याशिवाय पुढे जात नाहीत. तुम्ही गुणगुणायला लावावं असं माझं म्हणणं नाही (लावलंत तर मला बोलवा). पण कंपनीतल्या माणसाला 'कंपनीच्या वतीने' न बोलण्याची मुभा द्या. दुपारचं एक सत्र असं ठेवा की तिथे बोललेलं बाहेर सांगता येईल, कोण बोललं ते सांगायचं नाही. जगभर याला चॅटम हाउस नियम म्हणतात. पत्रकारांना त्या सत्राआधी जेवायला पाठवा. मिसळ असली की कुणी कुरकुरत नाही.

आता त्या पाचव्या कंपनीचा प्रस्ताव. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचं मला अर्धं पटतं. एक लाख घेऊ नका. कंपनीचा पैसा विटाळ असतो म्हणून नव्हे. जागतिक फोरमच्या निधीतही कंपन्या पैसे घालतात, देणगीदारांची नावं जाहीर असतात. पण तुमचा खर्च चाळीस हजार आणि एकच देणारा लाख देतोय, तर उरलेल्या साठ हजारांत तुम्ही काय विकताय ते विचारा स्वतःला. चाळीसची सोय दहा जणांकडून करा. कुणी चहा, कुणी छपाई, कुणी आवाजाची यंत्रणा, आणि एका देणाऱ्याकडून पाच हजारांच्या वर नाही. त्या कंपनीला द्यायचेच असतील तर पाचच द्या म्हणावं. दाराशी लावलेल्या यादीत इतरांसारखंच, त्याच आकाराच्या अक्षरांत नाव.

वीस मिनिटांचं सादरीकरण नको. मंचामागचा फलकही नको. वसंत व्याख्यानमालेला गोदाकाठी पटांगणात आपण पिढ्यान्‌पिढ्या बसतो ते वक्त्याला ऐकायला, पाठीमागे कुणाचं नाव आहे ते वाचायला नाही.

चौथ्या अटीवर मात्र तुम्ही आणि तुमचे ज्येष्ठ दोघंही उगाच चिडलात असं मला वाटतं. प्रश्न आधी मागणं हा उर्मटपणा नाही. त्या माणसाला वर विचारावं लागतं, कायदा विभाग असतो, जनसंपर्क विभाग असतो. अचानक प्रश्न आला तर तो 'माहिती घेऊन कळवतो' म्हणणार आणि माझ्या सिन्नरच्या काकांसारखं कुणीतरी हातात कागद घेऊन उभं राहणार. म्हणून प्रश्न तीन आठवडे आधी द्याच, आणि फक्त कंपनीला नाही, सगळ्यांना द्या. सूचना फलकावर लावा. प्रश्न पाहायचा हक्क द्या, गाळायचा देऊ नका. उत्तरावर उपप्रश्न विचारता येईल, हे लेखी कळवा. कंपनी एवढ्यावर आली तर उत्तम. नाही आली तर प्रश्न आणि 'उत्तर आलं नाही' एवढी नोंद अहवालात घाला, एकही विशेषण न लावता.

आणखी एक गोष्ट राहतेय. खासगी क्षेत्र म्हणजे फक्त कॅलिफोर्निया आणि मुंबई, असं तुम्ही नकळत धरलंय. तुमच्या घरी वायर कुणी आणली? बहुतेक एखाद्या स्थानिक ब्रॉडबँडवाल्याने. इंटरनेट सेवेच्या परवान्यांचे तीन वर्ग आहेत. 'अ' देशभर, 'ब' एका दूरसंचार परिमंडळात, 'क' साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रात. त्या 'क' वर्गातल्या माणसाला इंटरनेटच्या कारभाराची जितकी झळ लागते तितकी कुणालाच नाही. विजेच्या खांबावरून वायर टाकायची परवानगी, वरच्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थचं बिल, रात्री नऊला अख्खं सिडको एकाच वेळी क्रिकेट बघतं त्याचा ताण. गूगल, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या पुरेशी वाहतूक असलेल्या इंटरनेट पुरवठादाराच्या जागेत स्वतःचे सर्व्हर ठेवतात, म्हणजे तेच तेच व्हिडिओ लांबून आणावे लागत नाहीत. छोट्याला ते सहज मिळत नाहीत. 'मोठ्या ॲपवाल्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा' हा वाद मोबाइल कंपन्या गेली काही वर्षं लावून धरताहेत. त्यात या छोट्याचं काय होणार, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. त्याला मंचावर बसवा. सातपूर-अंबडमधला एखादा कारखानदार बसवा, ज्याचं अख्खं हिशेबाचं काम दुसऱ्याच्या क्लाउडवर आहे. सेवा केंद्र चालवणारी एखादी ताई बसवा, सर्व्हर डाउन असला की शिव्या तिलाच खाव्या लागतात. ही माणसं फोन केला की येतात.

आणि तारीख नीट निवडा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची पर्वस्नानं आहेत. त्याआधीचं वर्षभर मोबाइल कंपन्यांची, कॅमेऱ्यांची, गर्दी मोजणाऱ्या यंत्रणांची माणसं नाशिकमध्येच असणार. त्यांना आणायला विमानाचं तिकीट लागणार नाही. मागच्या सिंहस्थाच्या वेळी मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटीचे रमेश रासकर यांनी कुंभथॉन उभं केलं होतं. बाहेरचे तज्ज्ञ, कंपन्या आणि इथली मुलं एकत्र बसली ती समोर मोजता येणारं काम होतं म्हणून: घाटावर गर्दी किती, आजार कुठे पसरतोय. या खेपेला त्यात एक नवा धागा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले आणि त्यातली मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. पहिल्या स्नानाच्या जेमतेम तीन महिने आधी. भाविकाचा चेहरा कॅमेऱ्यात आला, मोबाइलचं ठिकाण नोंदलं गेलं, तर ते किती दिवस ठेवणार, कुणाकडे राहणार, तक्रार मराठीत करता येईल का? सरकारला कायद्यात बऱ्याच सवलती आहेत हे खरं. पण काम करणाऱ्या खासगी कंपनीला हे विचारायला काहीच हरकत नाही, आणि या प्रश्नाला महापालिकेचे अधिकारीही कान टवकारतील.

प्राचार्यांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. सभागृह नाही मिळालं तर अडून बसू नका. शंभर खुर्च्यांची खोली आणि एक बरा माइक एवढंच लागतं. वेळ अकरा ते चार ठेवा, म्हणजे मुंबईहून येणाऱ्याला सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परत जाता येईल. मुक्काम नसला की कंपनीतल्या माणसाला परवानगी लवकर मिळते. शनिवार टाळा, त्याला घर असतं.

पंचवीस अर्जांची यादी तयार झाली की मला एक प्रत पाठवा. आमच्या पतसंस्थेचा अर्ज त्यात नसेल तर तो मी स्वतः तपासून कळवते.